पाळक साहेबांचं ऑपरेशन

श्रोते बंधुभगिनींनो, सलाम.

आज बोलायचं आहे ते सेवेत असलेल्या माणसाच्या, म्हणजे चर्चच्या पाळकाच्या (पास्टरच्या) ऑपरेशनबद्दल. उदाहरणाला जांघेतला हर्निया घेऊ. तो पुरुषांत फार आढळतो, आणि पाळकाच्या कामाशी त्याचं वाकडंच आहे. पोटातून जोर लावून गाणं, स्पीकरची खोकी उचलणं, सणाच्या आधी बाकं हलवणं, या सगळ्यात पोटातला दाब वाढतो. पोटाच्या भिंतीत जिथे कमकुवत जागा असेल तिथून आतडं बाहेर सरकतं.

हर्निया गोळीनं किंवा मालिशीनं बरा होत नाही. कमरेला पट्टा बांधून तो फक्त दबून राहतो. भोक बंद करून, बहुतेक वेळा जाळी बसवूनच तो दुरुस्त होतो. तरी ऑपरेशन पुढे ढकललं जातं. नाताळ होऊ द्या, मग उपवासकाळ, मग ईस्टर, मग लग्नसराई, मग कन्व्हेन्शन. आणि एखाद्या रात्री गाठ आत जाईनाशी होते, कडक होते, दुखते, उलट्या सुरू होतात, वारा सरत नाही. याचा अर्थ आतडं अडकलं. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत मरू लागतं, आणि साधं ऑपरेशन झालं असतं तिथे आतडं कापून जोडायची वेळ येते. अशा वेळी गाठ दाबून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका, सरळ रुग्णालय गाठा. प्रार्थना साखळी गाडीत बसल्यावर सुरू करता येते.

ढकलण्यामागे सण असतात तशी लाजही असते. दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून आरोग्य मागणाऱ्यानं स्वतः टेबलावर कसं पडायचं? काही जण तर व्यासपीठावरून जाहीर करून टाकतात की मला सुरी लागणार नाही, देवानं सांगितलं आहे. हे बोलणं धोक्याचं आहे, कारण नंतर दुखणं वाढलं तरी माघार घ्यायला तोंड उरत नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, इतकं संकोची नाही. हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून मिळाली, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावलाच. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. आपला सोबती त्रफिम याला प्रेषित पौलानं मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवलं, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहिलं. त्याचा सहकारी एपफ्रदीत सेवा करता करता मरणाला टेकला होता, हेही पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीपासून लपवलं नाही. आपल्याकडे मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीला उपासना आणि ऑपरेशन या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठाऊक आहेत.

तेव्हा तारीख ठरवा, आणि ती नाताळापासून उलटी मोजा. जड उचलायला साधारण सहा आठवडे मनाई धरून चालायचं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला ऑपरेशन करून नाताळचा मांडव घालायचा बेत जमत नाही. त्या सहाही रविवारी उपदेश कोण करणार त्यांची नावं आधीच लिहून मंडळीच्या पंचांच्या हाती द्या. ‘बघू, जमलं तर मीच येईन’ असं एका रविवारपुढेही लिहू नका. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, दीक्षित पाळकानंच द्यावं असा तुमच्या मंडळीचा नियम असेल, तर शेजारच्या पाळकांची तारीख घ्या. मयत मात्र तारीख घेऊन येत नाही. त्यासाठी एक माणूस नेमलेला असावा आणि त्याचा नंबर चर्चच्या फळ्यावर असावा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लग्नांचा. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायला कायद्यानं अधिकार दिलेलाच माणूस लागतो. मंडळीतले एखादे वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, कितीही आदरणीय असले, तरी पाळक आजारी आहेत म्हणून त्यांना ते लावता येत नाही. परवानाधारक पाळकानं नोटिशीनंतर दिलेला दाखला दोन महिने चालतो. त्या मुदतीत लग्न लागलं नाही तर नोटिशीपासून पुन्हा सुरुवात. ऑपरेशनच्या पुढच्या दोन महिन्यांतली लग्नं आजच वहीत बघा, अधिकार असलेल्या दुसऱ्या पाळकांशी बोला, आणि विवाह रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते सांगून ठेवा. बँकेत पाळकाची सही लागत असेल तर तीही सोय त्याच आठवड्यात करा.

पैशाचं थोडक्यात. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. खेड्यातल्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकाकडे पगाराची पावती नसते, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधीच काढून ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. बिल हातात पडल्यावर ही धावपळ फार कमी वेळा जमते.

आता भूलतज्ज्ञ. त्यांच्यापुढे सगळ्या गोळ्या पिशवीसकट ठेवा, काढे आणि आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारून ठरतं. स्टेंट बसवलेल्या माणसानं ती मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. त्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही त्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात, काही वगळायच्या असतात. म्हणून प्रत्येक गोळीचं वेगळं विचारा आणि लिहून घ्या. तंबाखू, मिश्री, सिगारेट असेल तर तेही सांगा. मंडळीपासून लपवलेली मिश्री भूलतज्ज्ञापासून लपवण्यात काही शहाणपण नाही. खोकल्यानं टाक्यांवर ताण येतो आणि धुरानं जखम उशिरा भरते. धूर निदान चार आठवडे आधी सुटायला हवा.

उपासाची इथे मोठी गल्लत होते. ऑपरेशनआधीच्या उपासाचं कारण वेगळं आहे. भुलेत घशाचा बचाव थांबतो आणि पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून घन अन्न आणि दुधाचा चहा सहा तास आधी बंद, तेलकट जेवण आठ तास आधी बंद, आणि साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या रुग्णालयानं वेगळी वेळ दिली तर तीच पाळा. याच्या आधी तीन दिवसांचा प्रार्थना-उपवास जोडला की पाणी कमी पडतं, मधुमेही माणसाची साखर घसरते आणि जखम भरायला लागणारं बळ कमी होतं. उपवास मंडळीनं धरावा आणि पाळकानं त्या आठवड्यात डाळ, अंडी, मासळी नीट खावी. त्या सकाळी प्रभुभोजनाची भाकर तुकडाभरच असली तरी ती घन अन्नातच मोजली जाते. प्रभुभोजन आदल्या संध्याकाळी घ्या.

तेल लावून प्रार्थना करायची असेल, जशी याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितली आहे, तर तीही आदल्या संध्याकाळी घरी करावी. मंडळीच्या वडिलांनी कपाळाला बोट लावावं, तेवढं पुरे. पोटाला किंवा छातीला तेल चोळू नका, कारण तेलकट कातडीवर ईसीजीच्या चकत्या चिकटत नाहीत आणि जंतुनाशक नीट लागत नाही. रात्री साबणानं अंघोळ करा. घरी वस्तरा मारू नका, बारीक कापलेल्या जागेतून जंतू आत जातात. सकाळी अंगठी, गळ्यातला क्रूस आणि दातांची कवळी पाळकीणबाईंकडे द्या. क्रूस काढताना अनेकांचा हात अडखळतो. पण ऑपरेशनमध्ये विजेचं उपकरण वापरतात आणि अंगावरचा धातू त्यात नको असतो. स्तोत्र 121 तोंडपाठ असेल तर ते न्यायला कोणी हरकत घेणार नाही.

आवाज हे तुमचं हत्यार आहे, म्हणून भूल कमरेत देणार की पूर्ण, हे आधी विचारा. पूर्ण भुलेत घशात नळी घातली तर काही दिवस घसा दुखतो, आवाज बसतो. तो हळूहळू सुटतो. आठवड्यानंतरही सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर कुजबुजत बोलू नका, त्यानंही घशाला ताण पडतो. कमरेतल्या भुलेनंतर लघवी अडण्याची शक्यता असते, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या माणसात. नर्सला ते सांगायला संकोचू नका.

भूल दिल्यानंतर 24 तास सही नको, गाडी नको, पंचांच्या बैठकीचा फोनही नको. फोन घरच्या एकाच माणसाकडे द्या, पण फक्त आलेले कॉल घ्यायला. संदेशांत लोकांनी विश्वासानं सांगितलेली दुःखं असतात, ती दुसऱ्यानं वाचू नयेत. भेटायला एका वेळी दोघं, दहा मिनिटं, हात धुऊन. वीस जणांनी खाटेभोवती गीत गायलं तर शेजारच्या रुग्णानं कुठे जावं?

त्याच दिवशी चालायला लागा. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. पाणी आणि भाजी भरपूर घ्या, कुंथणं टाळा. थोडी सूज आणि निळसरपणा चालतो. ताप, पू, वाढती लाली, पोटरीची सूज किंवा दम लागला तर लगेच डॉक्टर. जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही तोवर मोटरसायकल नको. नदीतला बाप्तिस्मा पूर्ण सहा आठवडे दुसऱ्यांनी द्यावा, कारण पाण्यातून माणूस वर काढताना सगळा जोर पोटावर येतो, शिवाय कोवळी जखम भिजते. शवपेटीला खांदाही नको.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला उपदेश स्टुलावर बसून, पंधरा मिनिटांचा. ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घ्या, म्हणजे जोर लावावा लागत नाही. उपासना संपली की दाराशी हात मिळवायला उभे राहू नका, मागच्या दारानं घरी जा. मंडळी रागावणार नाही, आणि रागावलीच तर पंच समजूत घालतील. सलाम.