शेजारचा कारखानदार

श्रोतेहो, नमस्कार. एकच माल बनवणारे कित्येक कारखाने एका गावात दाटीवाटीने उभे असतात. गिऱ्हाईक एकच, त्यामुळे भाव पाडण्याची चढाओढ रोजची. तरीही अडीनडीला हेच लोक एकमेकांना यंत्र देतात, हातचं काम वाटून घेतात. का? चांगुलपणा, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

इटलीतलं प्रातो घ्या. लोकरी कापडाचं जुनं केंद्र. तिथे सूत काढणारा वेगळा, विणणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, आणि ऑर्डर घेऊन या सगळ्यांना कामं वाटणारा ‘इंपान्नातोरे’ आणखी वेगळा. एकाचं काम अडलं की सगळ्यांचं अडतं. अशा ठिकाणी रंगाऱ्याने एकदा फसवलं, तर ते गावभर होतं आणि पुढच्या हंगामात त्याच्या दारात कोणी येत नाही. उलट शब्द पाळणाऱ्याचं काम नुसत्या तोंडी बोलीवर चालतं.

पण एकाचा माल दुसऱ्याला लागतो, तिथे हे सोपं आहे. खरी कसोटी एकाच मालाच्या दोन स्पर्धकांची. माझ्या मते, एकट्याने सुटणार नाही असं संकट आल्याशिवाय ते सहसा एकत्र बसत नाहीत. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणं बनतात. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दर्जाच्या कारणावरून तिथल्या मालाची वाट अडवली. एखाद्याने आपला कारखाना सुधारून काय होणार? बट्टा गावाच्या नावाला लागला होता. शेवटी उत्पादकांच्या संघटनेने सरकारला सोबत घेऊन बाहेरचे तज्ज्ञ आणले आणि दर्जा राखण्याची पद्धत कारखान्या-कारखान्यांत शिकवली.

तामिळनाडूच्या पालार नदीच्या खोऱ्यातल्या टॅनऱ्यांनाही, म्हणजे कातडी कमावणाऱ्या कारखान्यांनाही, असंच एकत्र यावं लागलं. सांडपाण्यावर प्रक्रिया करा, नाहीतर टाळं लावा, असा न्यायालयाचा बडगा १९९०च्या दशकात बसला. छोट्या टॅनरीला स्वतःचं केंद्र परवडेना, म्हणून अनेकांनी मिळून सामायिक केंद्रं उभारली. तोवर नदीकाठच्या लोकांच्या विहिरी मात्र नासल्या होत्या. कारखानदारांची एकी झाली, पण त्यासाठी बाहेरच्यांना आधी कोर्टात जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि केंद्र उभं राहिलं तरी प्रश्न उरतोच: एखाद्याने वर्गणी थकवली आणि सांडपाणी मात्र केंद्राकडे सोडलं तर? त्याचा नळ बंद करण्याचा अधिकार संघटनेकडे असेल, आणि ती तो वापरत असेल, तरच बाकीचे पैसे भरत राहतात.