बॉक्सवर लिहिलंय अठरा, हातात येतात दहा

मल्टिटूल, म्हणजे पक्कड, पातं, कात्री असं सगळं घडी करून एकात बसवलेलं हत्यार, त्याच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, १८ टूल्स. आता पडद्यावर जे दिसतंय ते लेदरमन कंपनीचं वेव्ह प्लस, या प्रकारातलं बऱ्यापैकी ओळखीचं मॉडेल, तर याचे अठरा एकदा मोजूनच बघू. पक्कड उघडली. टोकाला निमुळती नोज प्लायर, एक. त्याच्या मागे जाड दाते, म्हणजे साधी पक्कड, दोन. मुळाशी वायर कटर, तीन, आणि त्याला लागूनच कडक तारेसाठी वेगळी खाच, चार. क्रिंप करायची, म्हणजे वायरच्या टोकावर धातूची टोपी दाबून बसवायची जागा पाच. म्हणजे एकाच तोंडाला पाच नावं झाली! पुढे कानस एकच आहे, पण एका अंगाला साधी आणि दुसऱ्या अंगाला डायमंडची, म्हणून ती दोन. कॅन ओपनर, बॉटल ओपनर आणि वायर सोलायची खाच एकाच तुकड्यावर, म्हणून तीन. आणि हँडलवर पट्टीच्या खुणा कोरल्यात ना, ते पण एक टूल बरं का. असं करत करत अठरा भरतात. प्रत्यक्षात बोटाने उलगडता येतील असे भाग मोजले तर नऊ, आणि दहावी पक्कड.

यात फसवाफसवी काही नाही, बहुतेक कंपन्या असंच मोजतात. पण निवडायला बसल्यावर पहिली गोष्ट कुठली करायची असेल तर हा आकडा विसरायचा, कारण आकडा बघून घेतलेलं मल्टिटूल बहुतेक वेळा ड्रॉवरमध्येच राहतं.

मग बघायचं काय? त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण मल्टिटूलची मुळात दोन घराणी आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

एक घराणं चाकूचं. स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये चाकूसुऱ्या बनवायचं वर्कशॉप सुरू केलं आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला सैनिकी चाकू पुरवायला लागला. त्यात चारच गोष्टी होत्या, पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं साधन आणि स्क्रू ड्रायव्हर. का, तर सैनिकाला डबाबंद खाणं उघडायला लागायचं आणि रायफल खोलायला लागायची, बास. मग १८९७ मध्ये त्याने ऑफिसर लोकांसाठी हलका चाकू नोंदवला, त्यातली युक्ती अशी की पाठीमागे फक्त दोन स्प्रिंगा आणि त्या दोन्ही बाजूंची हत्यारं सांभाळतात, म्हणजे तेवढ्याच जाडीत सहा साधनं. आज आपण ज्याला स्विस नाइफ म्हणतो तो हाच, आणि ती कंपनी म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स.

दुसरं घराणं पकडीचं, आणि ते बरंच तरुण आहे. १९७५ मध्ये टिम लेदरमन नावाचा अमेरिकन इंजिनिअर बायकोबरोबर एका जुन्या फियाटमधून युरोप आणि मध्यपूर्वेत फिरत होता. गाडी सारखी बंद पडायची, स्वस्तातल्या हॉटेलांचे नळ गळायचे, आणि खिशात होता एक साधा घडीचा चाकू. चाकूने नट फिरत नाही ना! दर वेळी पक्कड हवी होती आणि तीच नव्हती. घरी परतल्यावर तो पक्कड असलेला चाकू बनवायच्या मागे लागला, नमुना व्हायलाच काही वर्षं गेली, आणि मग चाकूवाल्या कंपन्या म्हणायच्या हे तर हत्यार आहे, हत्यारवाल्या म्हणायच्या हे तर गॅजेट आहे, कुणी घेईना. शेवटी १९८३ मध्ये मित्राबरोबर स्वतःचीच कंपनी काढली आणि पहिलं मॉडेल कॅटलॉगमधून टपालाने विकलं.

तर पहिला प्रश्न हा आहे, तुम्ही पकडीचे की कात्रीचे? हसू नका, खरंच विचारतोय. मागच्या काही दिवसांत नुसत्या हाताने जे जमलं नाही ते आठवा. पार्सलची टेप, कपड्याचा लोंबणारा दोरा, दुधाची पिशवी, नख, लेबल, हे सगळं असेल तर तुम्हाला कात्री आणि छोटं पातं हवंय, आणि त्यासाठी पाव किलोचं लोखंड कमरेला लावायची काही गरज नाही. चाकूच्या घराण्यातलं छोटं मॉडेल घ्या आणि विषय संपवा. कात्रीच्या बाबतीत हे घराणं आजही पुढे आहे असं माझं मत. पण सायकलचा नट, ढिला झालेला नळ, वाकलेली तंबूची खुंटी, तापलेलं भांडं उचलणं, अडकलेली चेन, वायर कापणं, यातलं काही नियमित होत असेल तर पकडीला पर्याय नाही. स्विस नाइफमध्ये छोटी पक्कड असलेली मॉडेलं येतात, पण तिच्यात जोर नसतो, काटा काढायला ठीक आहे, गंजलेला नट ती हलवणार नाही.

आता समजा पक्कड ठरली. पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि दुकानाच्या फोटोत कधीच न दिसणारा, तो म्हणजे हत्यार बाहेर यायला किती खटपट लागते. जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये पातं हँडलच्या आत असायचं, म्हणजे आधी पक्कड उघडायची, मग नखाने पातं ओढायचं, मग हँडल परत मिटायचं, आणि तोवर दुसऱ्या हातातली दोरी सुटलेली असते. १९९८ मध्ये लेदरमनचं वेव्ह, म्हणजे वेव्ह प्लसचं आधीचं मॉडेल, आलं त्यात पाती बाहेरच्या बाजूला आणली, पक्कड न उघडता एका हाताच्या अंगठ्याने पातं बाहेर. खरा फरक तिथे पडला. व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल तर सगळीच हत्यारं बाहेरून उघडू देतं. म्हणून तुमचं रोजचं जे एक हत्यार आहे, पातं असो की कात्री, ते बाहेर आहे की आत हे बघा. वेव्ह प्लसची कात्री आत आहे, हे ज्याला कात्रीच जास्त लागते त्याला रोज टोचतं.

लॉकबद्दल थोडं थांबून बोलू. हे जवळून बघा. पातं पूर्ण उघडलं की आतली एक पातळ पत्ती सरकते आणि पात्याच्या बुडामागे येऊन बसते, टक् असा आवाज येतो, तो आवाज आला नाही तर पातं लॉक झालेलं नाही असं समजा. आता पाठीवर दाब पडला तरी पातं बोटांवर मिटत नाही. मिटवायला ही पत्ती बाजूला ढकलायची, पण ढकलताना बोट नेमकं पात्याच्या वाटेत असतं, म्हणून पातं थोडं मिटलं की लगेच बोट काढून घ्यायचं आणि मग उरलेलं मिटायचं. साध्या स्विस नाइफमध्ये हे लॉक नसतं, फक्त पाठीची स्प्रिंग पातं धरून ठेवते, सफरचंद कापायला ते पुरतं, पण टोकाने भोक पाडायला गेलात तर ते मिटू शकतं. बाहेर रानात लाकूड तासणं, जाड दोर कापणं असं काम असेल तर मी लॉक असलेलंच सांगेन. एक भानगड मात्र आहे, काही देशांत लॉक होणाऱ्या पात्यावर कायदा कडक आहे, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये लॉक न होणारं ३ इंचांपर्यंतचं घडीचं पातं कारण न सांगता जवळ ठेवता येतं, लॉक असलं की सबळ कारण लागतं. तेव्हा जिथे वापरणार तिथला नियम आधी बघून घ्या.

स्क्रू ड्रायव्हर. इथे बरेच जण नाराज होतात आणि त्यात हत्याराचा दोष नसतो, आकाराचा असतो. मल्टिटूलचं अंग रुंद, ड्रायव्हर आखूड आणि एका कडेला, त्यामुळे खोल भोकात बसलेल्या स्क्रूपर्यंत तो पोचतच नाही, आणि पोचला तरी फिरवताना हँडल भिंतीला घासतं. उघड्यावरचा स्क्रू असेल तर उत्तम. बिट, म्हणजे ड्रायव्हरचं सुटं टोक, बदलता येणारं मॉडेल घेणार असाल तर आधी बिटची जात बघा, लेदरमनचे बिट चपटे असतात, नेहमीचा पाव इंची षटकोनी बिट त्यात थेट बसत नाही, त्याला वेगळा जोड घ्यावा लागतो. आणि ज्यांचं काम जास्त स्क्रूचंच आहे त्यांनी खरं सांगायचं तर एक चांगला छोटा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, मल्टिटूलकडून अपेक्षाच ठेवू नये.

स्टीलवर लोक तासन्‌तास वाद घालतात. वेव्ह प्लसमध्ये ४२०एचसी नावाचं स्टील आहे, महाग मॉडेलांत एस३०व्ही नावाचं मिळतं. पहिल्याची धार लवकर जाते पण साध्या दगडावर लवकर परत येते, दुसऱ्याची टिकते पण लावायला जीव काढते. ज्याला धार लावायची सवय नाही त्याला दोन्ही शेवटी बोथटच मिळणार. पुढे चला.

वजन. वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचं आहे. ऐकायला कमी वाटतं, पण पँटच्या खिशात दिवसभर ठेवून जिना चढा उतरा, मग कळतं, खिसा एका बाजूला ओढला जातो, बसताना टोचतं, आणि काही दिवसांत ते बॅगेत जातं, बॅगेतून गाडीत, गाडीतून कपाटात. लेदरमनचंच स्केलेटूल १४२ ग्रॅम, त्यात पक्कड, पातं, बिट ड्रायव्हर आणि बॉटल ओपनर, जवळजवळ संपलं. कात्री नाही, करवत नाही. पण ते खिशात राहतं, आणि जे खिशात आहे तेच उपयोगाचं. कमरेला पाउच लावायची तयारी असेल तर मग जड घ्यायला हरकत नाही, करवत, कानस सगळं मिळेल. ट्रेकला करवत हवीशी वाटते, वाळलेली अंगठ्याएवढी फांदी ती झकास कापते, पण मनगटाएवढ्या ओल्या लाकडावर अडकते, आणि अडकली की लोक तिला वाकवून काढायला जातात आणि मोडतात. पात्यावर दगड मारून लाकूड फोडणं तर अजिबात नको, पातं ज्या खिळीवर फिरतं त्या पिव्हटवर तो सगळा घाव बसतो.

शक्य असेल तर हातात घेऊनच घ्या. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, टोकं नीट जुळतात का, मध्ये फट दिसते का. एक हत्यार ओढलं की शेजारची दोन बरोबर येतात का, थोडं चालतं, पण पूर्ण घोळका आला तर थंडीत आखडलेल्या बोटांनी काय होणार आहे ते समजा. पक्कड जोरात आवळून बघा, हँडलची कड तळहातात रुतते का, आणि बोटाची कातडी मध्ये चिमटते का. कात्रीने पातळ प्लास्टिक कापून बघा, कागद कुठलीही कात्री कापते. हँडल लोखंडी आहे आणि वीज त्यातून जाते, त्यामुळे चालू वायरला हात लावायचा नाही, रबरी वाटणारी पकड असली तरी नाही. कटरने स्प्रिंगची कडक तार कापलीत तर त्याच्या धारेला खाच पडते, वेव्ह प्लसमध्ये कटर बदलता येतो तो याचसाठी.

स्टेनलेस म्हणजे गंजच चढत नाही असं नाही, समुद्राच्या पाण्यात वापरलं की गोड्या पाण्याने धुवा, उघडून वाळवा, पिव्हटमध्ये तेलाचा थेंब टाका आणि चार वेळा उघडमीट करा, काळं तेल वर आलं की पुसून परत एक थेंब.

आणि विमानाने जाताना पातं असलेलं केबिन बॅगेत चालत नाही, ते चेक-इनच्या बॅगेत टाका. बिनपात्याची मॉडेलंही मिळतात, काही ठिकाणी ती सोडतात, पण तपासणीला उभ्या माणसाला त्यात पातं नाही हे एकेक पान उलगडून दाखवावं लागतं, तेव्हा तेवढा वेळ हातात ठेवूनच घरातून निघा.