शेतकऱ्यांमधला र

(चाळीसगाव. बस स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान. दुपारचे तीन, शटर अर्धं खाली.)

एप्रिलच्या दुपारी चाळीसगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानात कूलर आहे, म्हणून दोन माणसं उगाचच येऊन बसलीत. काचेवर यादी चिकटवलेली: झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा, लग्नाचा बायोडाटा, मराठी टायपिंग. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. शिक्षण बारावी कॉमर्स, वर मराठी टायपिंगच्या तीस आणि चाळीसच्या परीक्षा. कोडिंगचं नाव काढलं की हात जोडतात. पण एका ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त झाली, ती याच खुर्चीत बसून लिहिलेल्या दीड पानामुळे.

(पडद्यावर एकच शब्द दोनदा: शेतकऱ्यांना, शेतकर्यांना.)

झालं असं. दुकानातल्या जुन्या मशीनची हार्ड डिस्क उडाली. नव्या विंडोजला पैसे कोण घालणार, म्हणून भाच्यानं लिनक्स टाकून दिलं, त्यासोबत ऑफिसही आलं. काम सुरू. एक दिवस ग्रामपंचायतीची नोटीस टाइप करायला आली. ‘सर्व शेतकऱ्यांना कळविण्यात येते की’. स्क्रीनवर ठीक. पीडीएफ केली, प्रिंट काढली, गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि दहा मिनिटांत परत. सोबत एक रिटायर्ड गुरुजी. कागदावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, हाई काय शे?”

‘शेतकऱ्यां’मधला र आडवा पसरायचा सोडून उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडतं? मराठीत बिघडतं. ‘आचाऱ्यास’ दिलेला मान स्वयंपाकघरात जातो आणि ‘आचार्यास’ दिलेला व्यासपीठावर. ‘दऱ्या’ सातपुड्यात असतात, ‘दर्या’ मुंबईला. हिंदीत हा आडवा र नाही. त्यामुळे देवनागरी नीट दिसते का हे कुणी हिंदी मजकुरावर तपासलं असेल, तर त्याला सगळं छानच दिसणार. ही चूक पकडायला मराठीच माणूस लागतो, आणि त्यातही ज्याला दिवसातून पन्नास वेळा ‘शेतकऱ्यांना’ टाइप करावं लागतं असा.

भाऊंनी सॉफ्टवेअरच्या लोकांना कळवलं. पहिला मजकूर दोन ओळींचा: मराठी बरोबर येत नाही, लवकर दुरुस्त करा. उत्तर आलं, आणखी माहिती हवी. भाऊंना राग आला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, कारण गिऱ्हाईक येऊन ‘प्रिंट बरोबर येत नाही’ म्हणतं तेव्हा तेही हेच विचारतात. कोणती फाइल? मोबाइलवरून की पेनड्राइव्हवरून? काल येत होती का?

(भाऊंची वही, जवळून. निळं बॉलपेन, मध्ये एक चहाचा डाग.)

दुसऱ्यांदा त्यांनी वही घेतली. सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिली, लिनक्स कुठलं ते लिहिलं. अख्खी नोटीस न पाठवता एकाच शब्दाची फाइल बनवली. आधी हे केलं, मग हे दाबलं, दिसायला हवं होतं असं, दिसलं असं. दोन चित्रं जोडली. इंग्रजी भाच्यानं बघून दिलं, तरी मोडकंतोडकंच आहे आणि त्यानं काही अडलं नाही.

खरी कमाल पुढच्या ओळीत होती. हा आडवा र टाइप करायच्या दोन रीती आहेत. एक, ज्या र खाली टिंब असतं तो ऱ घ्यायचा, पाय मोडायचा, पुढे य. दुसरी, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून य. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द, इतके वेगळे की बऱ्याच ठिकाणी एका रीतीनं लिहिलेला शेतकरी दुसऱ्या रीतीनं शोधला तर सापडत नाही. भाऊंनी लिहिलं: पहिल्या रीतीनं टाइप केलं की पीडीएफ बरोबर येते, दुसऱ्या रीतीनं केलं की मोडते.

दुरुस्ती करणाऱ्याला देवनागरी वाचताही येत नव्हती. पण त्याच्यासमोर दोन चित्रं होती आणि कुठे बघायचं ते लिहिलेलं होतं.

(रेल्वेच्या खिडकीतून कपाशीची रिकामी शेतं, पुढे अमळनेर.)

ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्स. हा इतिहास सांगताना नेहमी प्रोग्रामरच पुढे येतात. आणि सूचना कुणी लिहिल्या? मेनूतले शब्द मराठीत कुणी आणले? नवख्याच्या त्याच त्या प्रश्नाला चौथ्यांदा शांतपणे उत्तर कुणी दिलं?

प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळानं २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली. ९३ टक्के लोक म्हणाले, सूचना-माहितीची अर्धवट किंवा जुनाट पानं ही मोठी अडचण आहे. आणि काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी सांगितलं की माहिती लिहिण्याच्या वाटेला आम्ही क्वचित जातो किंवा जातच नाही. विहीर सगळ्यांना हवी, गाळ काढायला कुणी उतरत नाही.

अमळनेरमध्ये कॉलेजची पाच-सहा मुलं-मुली रविवारी एका खोलीवर जमतात. त्यांचा उद्योग ऐकायला विचित्र वाटेल. एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्यायचं, त्याच्या सूचनांचं पान उघडायचं आणि आपल्याला काहीही येत नाही असं समजून एकेक पायरी करायची. जिथे अडलं तिथे थांबून लिहायचं. फक्त तेवढंच. ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याला हे जमत नाही, कारण त्याचे हात मधल्या दोन पायऱ्या न सांगताच करून मोकळे होतात. पुरणपोळी करणाऱ्या आजीला कृती विचारा, ‘अंदाजानं मीठ’ म्हणेल. तसंच ते.

एका पानावर चौथी पायरी होती: आवश्यक गोष्टी डाउनलोड करा. मुलांनी केल्या. खोलीवर वायफाय नाही, मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी. डाउनलोड अर्ध्यात असताना नेट संपलं, सहाही जणांचं. त्या रविवारी बाकी काहीच झालं नाही, भरीत-भाकरी खाऊन सगळे घरी. पण एका मुलीनं त्या पानासाठी एक ओळ सुचवली: या पायरीला सुमारे दोन जीबी डेटा लागतो, नेट मध्येच तुटलं तर पुन्हा सुरुवातीपासून करू नका, हा आदेश द्या. ओळ दुसऱ्या दिवशी पानावर चढली. ज्याच्या घरी केबलचं अमर्याद नेट आहे त्याला ही ओळ कशी सुचणार?

हे सगळंच काही सोन्यासारखं नाही. लोकांनी ओपन सोर्सला हातभार लावावा म्हणून हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात असतो. २०२० मध्ये चार बदल पाठवले की टी-शर्ट, असा हिशोब होता. लोकांनी काय केलं, तर माहितीच्या पानावर ‘फारच छान प्रकल्प’ असं घुसडायचं, एखादा स्वल्पविराम हलवायचा आणि पाठवून द्यायचं. प्रकल्प सांभाळणारी माणसं, बहुतेक बिनपगारी, रात्र रात्र हा कचरा उपसत बसली. शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून सामील होतील तेवढेच धरायचे. आपल्याकडची मुलंही त्यात होती, उगाच लपवण्यात अर्थ नाही. अमळनेरच्या खोलीत टी-शर्टचं नाव काढलं की सगळे खाली बघतात. दोघांकडे आहे.

(धुळे. रात्री साडेनऊ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला तपासायच्या वह्या.)

धुळ्याच्या या ताई शाळेत शिकवतात. रात्री वह्या झाल्या की वीस-पंचवीस वाक्यांचं भाषांतर करतात. वाक्यं सुटी सुटी येतात, आगापिछा काही नाही. एका मेनूत ‘राइट’ असा शब्द आला. आधीच्या कुणीतरी ‘बरोबर’ केलं होतं. ताईंनी सॉफ्टवेअर उघडून बघितलं तर तो मजकूर उजवीकडे सरकवायचा पर्याय निघाला. म्हणजे इतके दिवस मराठी माणूस डावीकडे, मध्यभागी आणि ‘बरोबर’ यातून निवड करत होता.

त्याहून अवघड दुखणं लिंगाचं. इंग्रजीत ‘अमुक डिलीट झालं’ एवढंच असतं, आणि अमुकच्या जागी संगणक ऐनवेळी नाव टाकतो. फोटो असेल तर हटवला, फाइल असेल तर हटवली, चित्र असेल तर हटवलं. आधी कळणार कसं? ताई वाक्यच फिरवतात: ‘हटवण्याचं काम पूर्ण’, आणि पुढे नाव. त्या म्हणाल्या, “सहावीच्या मुलांना लिंग-वचन शिकवते ना, तेच इथे पुन्हा.” ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणायचं की फाइलच, यावर भाषांतर करणाऱ्यांची भांडणं होतात. ताईंचा कौल फाइलला. माझाही.

आवाजाचंही काम आहे. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०१७ मध्ये कॉमन व्हॉइस सुरू केलं, लोकांनी वाक्यं वाचून आवाज दान करायचे, त्यात मराठीही आहे. आता आमच्याकडे खानदेशात ळ चा बऱ्याच ठिकाणी य होतो. डोळा नाही, डोया. केळी नाही, केयी. रावेरच्या केळीबागेतला माणूस उद्या फोनशी बोलेल तेव्हा फोनला हा आवाज ओळखीचा हवा असेल, तर तो आधी कुणीतरी दिलेला असावा लागतो.

(पाटणचा रस्ता. डोंगर, पळसाची झाडं. आवाज फक्त वाऱ्याचा.)

परतताना भाऊ म्हणाले, पाटणला जाऊन या. चाळीसगावपासून जवळच. तिथे शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी श्लोकांत रचला. श्लोकात गणित असं ठासून भरलेलं की नवख्याला काही उलगडू नये. म्हणून त्यावर गद्य टीका लिहिली तीही त्यांनीच, वासनाभाष्य. पण मला थांबवलं ते लेखाच्या शेवटानं. वंशाची थोरवी वगैरे संस्कृतात. बाजारातलं उत्पन्न मठाला कसं द्यायचं हे सांगायची वेळ आली तिथे भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. ज्यांनी ते द्यायचं, त्यांना कळायला हवं होतं.

(पुन्हा दुकान. संध्याकाळ. शटर पूर्ण वर.)

भाऊंची चूक दुरुस्त होऊन नव्या आवृत्तीत आली, त्याला आता बरेच महिने झाले. त्यांना विचारलं, आता ‘शेतकऱ्यांना’ कसं छापलं जातं, दाखवा ना.

भाऊंनी दुसऱ्या रीतीनं टाइप केलं, पीडीएफ केली. र पुन्हा य च्या डोक्यावर.

“आमच्या मशीनवर जुनीच आवृत्ती आहे,” ते म्हणाले. “चालू मशीनला मी हात लावत नाही. मी आपला पहिल्या रीतीनं टाइप करतो.”

तेवढ्यात पीकविम्याचा फॉर्म घेऊन एक बाई आल्या, आणि भाऊंनी आम्हाला खुर्ची सोडायला सांगितली.