मॉडेल, आठवडा आणि मुकादम

मंडळी, इमारतीच्या डिजिटल मॉडेलचं कौतुक करायला मी उभा नाही. ते आता पुरेसं झालंय. मॉडेलला वेळापत्रक जोडलं की पडद्यावर इमारत मजल्यामागून मजला उभी राहते आणि बैठकीतले सगळे खूश होतात. पण उद्या सकाळी कुठल्या टोळीने कुठे हात घालायचा, हे त्या सिनेमातून मुकादमाला कळत नाही. माझं सगळं बोलणं या एका फटीबद्दल आहे.

लीन विचार, म्हणजे कामातला वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करण्याचा विचार, या फटीकडे फार आधीपासून बघतोय. 1992 मध्ये लॉरी कोस्केला यांनी स्टॅनफर्डमधल्या अहवालात मांडलं, की बांधकाम म्हणजे नुसती कामांची यादी नव्हे, तो प्रवाह आहे. त्याच दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत उभी केली: प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्यानेच आठवड्याचं काम कबूल करायचं. त्यांनी मोजलं काय, तर आठवड्यासाठी कबूल केलेल्या कामांपैकी पुरी किती झाली. उत्तर निम्म्याच्या आसपास यायचं! कारणं आपल्या रोजच्या ओळखीची: माल आला नाही, नकाशा मंजूर नाही, आधीच्या टोळीने जागा सोडली नाही. मग नियम असा, की अडथळे दूर झाल्याशिवाय काम आठवड्यात घ्यायचंच नाही. आणि नव्वद टक्के झालेलं काम मोजताना शून्य. हा कठोरपणा मला फार आवडतो.

आता रुग्णालयाच्या कॉरिडॉरचं छत डोळ्यांसमोर आणा. हवेची डक्ट, आग विझवण्याच्या पाण्याची लाइन, केबल ट्रे आणि उतार सांभाळत जाणारा सांडपाण्याचा पाइप. मॉडेलमध्ये टक्कर तपासली, एकही निघाली नाही. साइटवर मात्र ट्रेवाला आधी आला, खाली मोकळी जागा दिसली म्हणून ट्रे टांगून गेला. डक्ट वर चढवायला वाटच उरली नाही. मॉडेल चुकलं नव्हतं. प्रत्येक वस्तू कुठे बसणार ते त्याला ठाऊक होतं, आधी कोण हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. तोच कॉरिडॉर आठवड्याच्या बैठकीत पडद्यावर लावा आणि चारही मुकादमांना समोर बसवा. कोण आधी, मचाण कुणाचं, वाद तिथेच मिटतो.

यासाठी मॉडेल वेगळ्या तऱ्हेने कापावं लागतं. डिझायनर अख्खा स्लॅब एकच वस्तू म्हणून काढतो. साइटवर तो तीन दिवसांत तीन तुकड्यांत ओतला जातो. मॉडेलमध्येही मग तीनच तुकडे हवेत, प्रत्येकाची सळई आणि काँक्रीट वेगळं मोजलेलं. असे विभाग पडले की कुठल्या विभागात किती काम आहे ते दिसतं, आणि सगळ्या टोळ्या एकाच चालीने पुढे सरकतील अशी माणसं वाटता येतात. ही चाल संगणकाची देणगी नाही, बरं का. मार्च 1930 मध्ये काम सुरू झालेली 102 मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग मे 1931 मध्ये उघडली, ती याच शिस्तीवर.

2010 मध्ये राफाएल सॅक्स, कोस्केला आणि सहकाऱ्यांनी मॉडेल आणि लीन एकमेकांवर कुठे परिणाम करतात याचा तक्ता मांडला. 56 जागा निघाल्या, चार सोडून सगळ्या उपकारक. तरी सॉफ्टवेअर विकत घेतलं की काम झालं, असं समजणारे भेटतातच. मॉडेलमधली स्थिती रोज कोण बदलणार, हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर साइट इंजिनियरने, तिथल्या तिथे, टॅबलेटवर. दूरच्या कार्यालयात बसून भरलेला ‘काम झालं’चा हिरवा रंग मला खरा वाटत नाही.

खरी गाठ मात्र करारात असते. डक्टवाल्याला मीटरवर पैसे मिळत असतील तर तो सोपे, सरळ मीटर आधी उरकणार आणि अवघड कोपरे मागे ठेवणार. तुमचा विभागवार आराखडा गेला बाराच्या भावात. म्हणून बिल विभाग पूर्ण होऊन पुढच्या टोळीच्या ताब्यात गेल्यावरच निघावं. यावर ठेकेदार मंडळी कुरकुर करतील, आणि त्यांची एक तक्रार रास्तच आहे: आधीच्या टोळीने विभाग उशिरा दिला तर त्यांची माणसं बसून राहतात, त्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे? ते कलम आधी लिहा, मगच मॉडेल उघडा.