फक्त संशोधनासाठी

मंडळी, आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या औषध कारखान्यांत काम करणारे बरेच जण समोर दिसताहेत, तेव्हा लेबलापासूनच सुरुवात करू. एक छोटी कुपी आहे. आत बेझलोटोक्सुमॅब नावाची मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच साच्याचं, एका ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारं प्रथिन. बाहेर छापलंय, 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.' गंमत म्हणजे याच नावाची अँटिबॉडी २०१६ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाली होती. मग अडलं कुठे?

आधी आजार बघू. इस्पितळात भरपूर अँटिबायोटिक्स घेतलेल्या माणसाच्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूला मोकळं रान मिळतं. हा दोन विषं सोडतो, ए आणि बी. बी विष आतड्याच्या पेशीत शिरून तिथल्या ऱ्हो प्रथिनांना ग्लुकोज चिकटवतं. ती निकामी झाली की पेशीचा सांगाडाच ढासळतो. मग जुलाब, सूज. औषधाने बरं वाटतं, पण बीजाणू, म्हणजे या जिवाणूची टणक, झोपलेली रूपं, मागे राहतात आणि आजार उलटतो. खरी डोकेदुखी ती.

बेझलोटोक्सुमॅब बी विषाला धरून ठेवते, त्यामुळे ते पेशीला चिकटू शकत नाही. जिवाणूला ती हातही लावत नाही. म्हापशाच्या बाजारात नांग्या बांधलेल्या कुर्ल्या असतात ना, तसं. कुर्ली जिवंतच, पण चावणार कशाने? म्हणून सोबत अँटिबायोटिक द्यावंच लागतं. दोन मोठ्या चाचण्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. ए विषाविरुद्धची अँटिबॉडी जोडीला देऊन पाहिली, तिने काही भर पडली नाही.

विषाला असं अडवण्याची कल्पना बेरिंग आणि कितासातो यांची, १८९० ची. एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांची, १९७५ ची. ते असो.

आता आपली कुपी. अँटिबॉडीतल्या अमिनो आम्लांचा क्रम जाहीर आहे. तो जनुक हॅमस्टरच्या पेशींत घालायचा, प्रथिन गाळून शुद्ध करायचं, झाली नक्कल. साखळी तीच, पण तिच्यावर चढणाऱ्या शर्करा पेशींच्या लहरीप्रमाणे बदलतात. शिवाय अँटिबॉडीच्या गुठळ्या, हॅमस्टरच्या पेशींची उरलेली प्रथिनं, एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातला विषारी अंश), विषाणू काढून टाकल्याचा पुरावा, साठवणीतला टिकाऊपणा. बॅच रेकॉर्ड भरून भरून हात दुखलेल्यांना हे मी काय सांगू! औषधाला या प्रत्येकाची कागदोपत्री साक्ष लागते, संशोधनाच्या कुपीला तेवढी लागत नाही.

तरी तिचं काम मोठं आहे. बशीत वाढवलेल्या पेशींवर विष टाकलं की त्या गोल होतात. आधी अँटिबॉडी घातली तर किती पेशी आकार राखतात, ते मोजायचं. शेजारी विषाला न चिकटणारी त्याच जातीची अँटिबॉडी हवीच, नाहीतर त्या आकड्यांना मी तरी किंमत देणार नाही. विष कोणत्या वाणाचं तेही लिहावं, कारण ०२७ वाणाच्या बी विषापुढे बेझलोटोक्सुमॅब बरीच कमी पडते. आणि शोधनिबंधात नुसतं 'बेझलोटोक्सुमॅब' लिहून नक्कल वापरल्याचं गाळणं मला मुळीच पटत नाही.

मागून प्रश्न आलाय, मूळ औषध मिळत नसेल तर ही कुपी रुग्णाला देता येईल का? नाही. शिरेतून एंडोटॉक्सिन गेलं तर थंडी-ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. पण प्रश्न रास्त आहे, कारण २०२५ च्या जानेवारीत कंपनीने ते औषध बंद केलं. आता प्रयोगशाळेत नवी अँटिबॉडी पारखायची तर तुलनेला मुख्यतः या नकलाच हाताशी आहेत.