मर्ज करण्याआधी कोण वाचतं?

[दृश्य : नांदेड, वजिराबाद. छापखान्याच्या काउंटरवर लग्नपत्रिकांचे नमुने. मागे जुना संगणक.]

मराठवाड्यातल्या कितीतरी छापखान्यांत वर्षानुवर्षांचा मजकूर पडून आहे. तालुक्याच्या साप्ताहिकांचे अंक, पतसंस्थांचे अहवाल, कीर्तनकारांच्या पुस्तिका. सगळं जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं. युनिकोड ही जगभरच्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या त्या फॉन्टांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली होती. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची गिचमीड उरते.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक प्रोग्राम इथल्याच एका विद्यार्थ्यानं लिहिला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही वापरावा, सुधारावा. मात्र आलेली प्रत्येक दुरुस्ती तपासणारा आणि मर्ज करणारा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळणारा, तो एकटाच होता. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली. रात्री उशिरा घरी येऊन तो पुल रिक्वेस्ट, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, उघडायचा, नंतर नंतर तेही होईना. लोक दुरुस्त्या पाठवत राहिले आणि त्या तिथंच पडून राहिल्या.

दोष त्या मुलाचा नाही. एका माणसाच्या रिकाम्या वेळावर उभं राहिलेलं काम त्याचा वेळ संपला की थांबणारच.

[दृश्य : पडद्यावर कोडच्या ओळी, हळूहळू सरकणाऱ्या.]

कोड खुला आहे म्हणजे तो कुणीतरी वाचला असेल, असं आपण धरून चालतो. इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या साधनाचा कोडही खुलाच होता. अर्ध्या इंटरनेटची कुलपं त्यावर अवलंबून होती. 2011 च्या 31 डिसेंबरला त्यात एक बदल आला. लिहिणारा एक, तपासणारा एक. समोरच्या यंत्रानं सांगितलेली मजकुराची लांबी खरी आहे का, हे पाहायचं दोघांकडूनही राहून गेलं. ती चूक 2012 च्या मार्चमध्ये जगभर गेली आणि 2014 च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ या नावानं उघडकीला आली.

एक्सझेडची गोष्ट याहून अस्वस्थ करते. फाइली दाबून लहान करणारं हे साधन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या असंख्य यंत्रांवर असतं. सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी. 2022 मध्ये वेगवेगळ्या नावांनी लोक त्याच्यामागं लागले : काम संथ चाललंय, दुसऱ्या कुणाला हक्क द्या. आपल्याला मानसिक त्रास आहे आणि हे काम आपण छंद म्हणून करतो, असं त्यानं उघडपणे लिहिलंही. त्याच काळात ‘जिया तान’ नावानं कुणीतरी नेमानं चांगले पॅच, म्हणजे दुरुस्त्या, पाठवत होतं. थकलेल्या माणसानं त्याला हक्क दिले. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांतून ‘जिया तान’नं दडवलेला चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रात गुपचूप शिरायची वाट, बाहेर पडला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचनं, म्हणजे दुरून यंत्रात शिरायच्या साधनानं, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्यांनी त्याचा माग काढला आणि 29 मार्चला जगाला सांगितलं.

ही हकीकत सांगताना लोक फ्रॉइंड यांच्या चिकाटीपाशी थांबतात. तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला त्याआधीची दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. तेव्हा त्या एकट्या माणसाशेजारी ओळखीचे, भरवशाचे दोघं-तिघं बसलेले असते तर?

[दृश्य : अंबाजोगाई. एका घराचा ओटा. निवृत्त मराठी शिक्षक लॅपटॉपवर वाचताहेत.]

नांदेडच्या प्रोग्रामला आता शेजारी मिळाले आहेत. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत राहणाऱ्या या सरांना कोड वाचता येत नाही. तरीही नियमांत बदल करणारी कुठलीही पुल रिक्वेस्ट त्यांच्या होकाराशिवाय मर्ज होत नाही. प्रोग्राम आधी काय द्यायचा आणि आता काय देतो, याची शब्दांची यादी त्यांच्यापुढं येते.

रफाराचंच घ्या. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी साठवला जातो. म्हणजे त्याला उडी मारून मागं न्यावं लागतं. एका मुलानं एका अक्षरामागं नेणारा नियम लिहिला. ‘धर्म’ बरोबर आला, ‘कर्म’ बरोबर आला, टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) पास झाल्या. सरांनी ‘मूर्च्छा’ घालून पाहिला आणि नियम मोडला. तिथं काना आणि आख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ होत होतं, तेही त्यांनीच धरलं. ज्या भागात निम्म्या बातम्या शेतीच्या, तिथं हा शब्द चुकीचा छापून कसं चालेल?

काही चुका सरांच्या डोळ्यांनाही दिसत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’ला चंद्र जोडून तेच लिहीत आले. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. हे पकडणारी टेस्ट लातूरच्या एका मुलीनं लिहिली. तो भाग आता तिच्या नावावर आहे.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर पाळ्यांचं वेळापत्रक.]

दर सोमवारी पाळी बदलते. ज्याची पाळी असेल त्यानं आलेली प्रत्येक पुल रिक्वेस्ट उघडून उत्तर द्यायचं. मंजूर करायलाच हवी असं नाही. स्वतःला कळत नसेल तर कळणाऱ्याचं नाव लिहून पुढं द्यायची. सोयाबीनच्या काढणीत किंवा परीक्षेत पाळी बदलून मिळते, त्यासाठी कारणं द्यावी लागत नाहीत. स्वतःचा कोड स्वतः मर्ज करायचा नाही. हा नियम मूळ लेखकालाही लागू होता, आणि तो त्यानंच मांडला.

रिलीजला, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायलाही, दोघं लागतात. एक्सझेडचा चोरदरवाजा चालू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या गिट रिपोत, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात, नव्हताच, वाटप झालेल्या फाइलीत तेवढा मिसळलेला होता. म्हणून इथं एकानं तयार केलेली फाइल दुसरा रिपोतून पुन्हा तयार करून जुळवून पाहतो. वेळ जातो. जाऊ द्यावा.

मूळ लेखकाला हक्क सोडणं सोपं जात नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम 2018 च्या जुलैमध्ये अंतिम शब्दाच्या जागेवरून बाजूला झाले. त्यानंतर पायथन चालवायला पाच जणांचं मंडळ निवडून येऊ लागलं, आणि एकाच कंपनीतले दोघांहून जास्त त्यात बसू शकत नाहीत. आपल्या पाच-सात जणांच्या गटाला एवढी घटना नको. पण लिनक्स कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ‘मेंटेनर्स’ (सांभाळणारे) फाइल मात्र जरूर उचलावी. कुठला भाग कोण सांभाळतं हे तिच्यात लिहिलेलं असतं आणि ज्याला कुणी वाली नाही त्यापुढं चक्क ‘अनाथ’ असा शेरा असतो.

[दृश्य : छापखाना. छापखान्याचे काका जुन्या सीडींचा खोका उघडतात.]

नांदेडच्या गटानंही अशी फाइल केली आहे. मूळ लेखकाचं नाव तिच्यात ‘माजी मेंटेनर’ म्हणून आहे, त्याचे मर्जचे हक्क त्याच्याच सांगण्यावरून काढले. एका जुन्या फॉन्टपुढची जागा अजून रिकामी आहे. त्या फॉन्टातला मजकूर परभणी आणि हिंगोलीच्या काही छापखान्यांत सापडेल, असं काका सांगतात. या पाळीच्या मुलाला घेऊन ते शनिवारी नमुने आणायला निघणार आहेत.