दोन कोटी मतं गेली कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ च्या ५ नोव्हेंबरला अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प जिंकल्याचं कळलं, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण जुंपलं. या ग्रुपवर सांगलीची माणसं आहेत, पुण्याची आहेत आणि तिकडची दोन मतदार घरंही आहेत. धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याचं मत ट्रम्प यांना. बहिणीची मुलगी शिकागोला असते, तिचं मत कमला हॅरिस यांना. दोघंही तिथले नागरिक आहेत, दोघंही शिकलेले आहेत, आणि भाचीचा तर मामावर लहानपणापासून जीव.

त्या दिवशी दोघांनीही एकच आकडा टाकला. २०२० च्या मानानं या वेळी दोन कोटी मतं कमी दिसतायत! भावानं लिहिलं, "बघ, चार वर्षांपूर्वीची ती दोन कोटी मतं बोगसच होती. आता कशी गायब झाली?" भाचीनं लिहिलं, "मामा, तू उलटं बोलतोयस. मतं या वेळी चोरीला गेली. एवढी माणसं घरी बसणं शक्यच नाही." अमेरिकाभर त्या आठवड्यात हेच चाललं होतं. आकडा एक, आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी एकमेकांना चोर ठरवलं होतं.

खरी गोष्ट अशी की मोजणीच संपलेली नव्हती. एकट्या कॅलिफोर्नियात लाखो लाख मतं टपालानं येतात. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल, तर पाकीट पुढच्या सात दिवसांत पोचलं तरी चालतं. प्रत्येक पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघायची, मग पाकीट उघडायचं, मग मत मोजायचं. याला आठवडे लागतात. सगळं मोजून झालं तेव्हा ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख मतं होती, हॅरिस यांना साडेसात कोटी, आणि एकूण बेरीज साडेपंधरा कोटींच्या वर. २०२० ची बेरीज १५ कोटी ८० लाखांच्या घरातली. फरक तीसेक लाखांचा. दोन कोटी कुठंच गेली नव्हती. पण तोवर डिसेंबर उजाडला होता, ग्रुपवर लग्नाच्या पत्रिका यायला लागल्या होत्या. शेवटची बेरीज कुणीही टाकली नाही.

आज मला या प्रकाराबद्दल बोलायचंय. कर कमी असावेत की जास्त, सीमेवर किती कडक असावं, यावर माणसं जन्मभर भांडली तरी माझी हरकत नाही. लोकशाहीत ते व्हायलाच हवं. पण मतं किती पडली, पेटी कुणी उघडली, हा वाद वेगळ्या जातीचा. त्याचं उत्तर कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी टेबलावर, कुणी तरी मोजून ठेवलेलं असतं. ते बघायचं सोडून आपण आवाज चढवतो, तेव्हा त्याची किंमत भलत्याच माणसांना मोजावी लागते.

आपल्या श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे भारत निवडणूक आयोग आहे. मतमोजणीचा दिवस ठरलेला असतो, टपाली मतं आधी मोजायला घेतात, मग फेरीमागून फेरी, आणि संध्याकाळपर्यंत गुलाल. अमेरिकेत देशभरची मतमोजणी करणारा असा आयोग नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे, आणि प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या एककाकडे. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. रात्री टीव्हीवर जो 'निकाल' जाहीर होतो तो वृत्तसंस्थांचा अंदाज असतो. अधिकृत निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी लागतो.

आता २०२० ची रात्र आठवा. कोरोनामुळं टपाली मतांचा पूर आला होता. ट्रम्प यांनी टपाली मतदानावर विश्वास ठेवू नका असं महिनोन् महिने सांगितल्यामुळं त्यांचे बरेच मतदार रांगेत उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जो बायडेन यांच्या मतदारांनी मोठ्या प्रमाणात पाकिटं पाठवली. फ्लोरिडात पाकिटांवरचं काम आधीपासून करता येतं, म्हणून तिथला निकाल त्याच रात्री लागला. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या राज्यांत कायदाच असा, की मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही. साहजिकच तिथं रांगेतली मतं आधी दिसली आणि पाकिटातली मागाहून. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरानं आपली सुमारे १ लाख ७० हजार टपाली मतं एका ठिकाणी मोजली आणि पहाटे तीनच्या सुमाराला एकदम जाहीर केली. आलेखावर बायडेन यांची रेष सरळ उभी चढली. ते चित्र कोट्यवधी मोबाइलवर फिरलं, आणि खाली ओळ होती, 'पहाटे मतं ओतली'. त्याच दिवसांत डेट्रॉइटच्या मोजणी केंद्राबाहेर ट्रम्पसमर्थक काचा बडवत 'मोजणी थांबवा' म्हणत होते, आणि अॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये ट्रम्प यांचेच समर्थक 'मतं मोजा' म्हणून घोषणा देत होते. डेट्रॉइटकडे मिशिगनमध्ये ट्रम्प यांची आघाडी घसरत होती, अॅरिझोनात ते मागून वर येत होते.

मिशिगनमधल्या अँट्रिम नावाच्या लहानशा काउंटीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचा गड, मतदान सोळा हजारांच्या आसपास. रात्री जे आकडे लागले त्यांत बायडेन सुमारे तीन हजारांनी पुढे! गावातल्या लोकांना सकाळीच कळलं की काहीतरी चुकलंय. चूक सापडलीही. ऑक्टोबरात काही गावांच्या स्थानिक निवडणुकीमुळं मतपत्रिकेत शेवटच्या क्षणी बदल झाला होता. त्या गावांची यंत्रं नव्यानं भरली, बाकीची तशीच राहिली, आणि बेरीज एकत्र करताना रकाने सरकले. ही चूक काउंटीच्या कार्यालयातली, आणि तिथली क्लार्क, म्हणजे निवडणुकीचं काम बघणारी अधिकारी, स्वतः रिपब्लिकन. आकडे दुरुस्त झाले, ट्रम्प सुमारे ३,८०० मतांनी पुढे गेले. पण तोवर 'यंत्रं मतं फिरवतात' ही बातमी अँट्रिममधून निघून जगभर गेली होती, सांगलीपर्यंत आली होती. शेवटी १७ डिसेंबरला प्रत्येक कागदी मतपत्रिका हातानं मोजली. यंत्राच्या आणि हाताच्या मोजणीत फरक किती निघाला? बारा मतांचा.

पुढं मिशिगनच्या सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, चौकशी झाली. समितीचे अध्यक्ष एड मॅकब्रूम, रिपब्लिकन, राज्याच्या उत्तरेकडच्या भागात गाईंचा गोठा सांभाळणारे शेतकरी. आपल्याच मतदारांच्या शंका त्यांनी एकेक करून तपासल्या. जून २०२१ मध्ये अहवाल आला: व्यापक किंवा पद्धतशीर गैरव्यवहाराचा पुरावा नाही. शिवाय अँट्रिमबद्दल खोटं सांगून पैसे गोळा करणाऱ्यांची चौकशी व्हावी, असंही समितीनं सुचवलं. स्वतःच्या पक्षाचे लोक खवळलेले असताना हे लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. यंत्रांबद्दलचे खोटे आरोप दाखवल्याबद्दल फॉक्स न्यूज या वाहिनीला पुढं त्या यंत्रांच्या कंपनीला, डोमिनियनला, ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन खटला मिटवावा लागला, तो एप्रिल २०२३ मध्ये.

जॉर्जियात तर पन्नास लाखांच्या घरातल्या सगळ्या मतपत्रिका हातानं मोजल्या. त्या मोजणीत फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांहून जास्त न मोजलेली मतं सापडली, ट्रम्प यांना त्यातून आठशेच्या आसपास फायदा झाला, आणि तो त्यांच्या खात्यात जमाही झाला. म्हणजे शंका घेणारे सगळेच वेडे नव्हते, चुका होत होत्या. मोजल्यामुळंच त्या हाती लागल्या. अखेर बायडेन ११,७७९ मतांनी जिंकले, आणि तसं सांगणारे, निवडणुकांचं काम बघणारे राज्याचे सेक्रेटरी ब्रॅड रॅफेन्सपर्गर हे ट्रम्प यांना मत दिलेले रिपब्लिकन होते.

पण जॉर्जियातल्याच अटलांटा शहरातल्या दोन मायलेकींचं काय झालं, हे ऐका. रुबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस या स्टेट फार्म अरेनात मोजणीचं काम करत होत्या. रात्री काम थांबणार असं वाटून कर्मचाऱ्यांनी मतांचे डबे टेबलाखाली सरकवले. मग चालू ठेवा असा निरोप आला, डबे पुन्हा बाहेर काढले. सगळं कॅमेऱ्यात आहे. त्यातला मधला तुकडा कापून 'सूटकेसमधून मतं काढली' असं सांगितलं गेलं. आईनं मुलीच्या हातात काहीतरी दिल्याचं दिसत होतं. ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी म्हणाले, ते संगणकाचे यूएसबी होते. २०२२ च्या जूनमध्ये संसदेच्या समितीपुढं शे मॉसला विचारलं, आईनं तुला काय दिलं होतं? ती म्हणाली, आलं-पुदिन्याची गोळी.

तेवढ्यावरून या बायकांना मारून टाकण्याच्या धमक्या आल्या. लोक शे मॉसच्या आजीच्या घरात घुसायला बघत होते. एफबीआयनं सल्ला दिला म्हणून फ्रीमनबाईंना कित्येक आठवडे घर सोडून राहावं लागलं. राज्याच्या तपासात आरोप खोटे ठरले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. आपल्याकडे निवडणुकीच्या ड्यूटीवर जाणाऱ्या शिक्षिका, तलाठी, अंगणवाडी सेविका डोळ्यांपुढं आणा. या मायलेकी त्यांच्यातल्याच. तो व्हिडिओ पुढं ढकलणाऱ्या लाखो माणसांतल्या कुणालाही त्यांचं वाईट करायचं नव्हतं, असं मला वाटतं. पण झालं ते झालं.

हा रोग एकाच पक्षाचा आहे असं म्हटलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. २००४ मध्ये ओहायो राज्यात रिपब्लिकन जॉर्ज बुश सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकले, तरी यंत्रांत फेरफार झाल्याचं कितीतरी डेमोक्रॅट वर्षानुवर्षं म्हणत राहिले. तिथल्या काही केंद्रांवर तासन् तास रांगा लागल्या ही तक्रार खरी होती. यंत्रांची खरी ठरली नाही. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनची फेरमोजणी झाली, तिच्यात ट्रम्प यांचीच आघाडी १३१ मतांनी वाढली. रशियानं त्या निवडणुकीत प्रचारात आणि ईमेल चोरीत ढवळाढवळ केली हे तपासात सिद्ध झालं, पण मतांचे आकडे बदलल्याचा पुरावा मिळाला नाही. तरी दोन्ही एकाच मापात घालायला मी तयार नाही. २००४ मध्ये हरलेले डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांनी दुसऱ्या दिवशी पराभव मान्य केला. २०२० मध्ये साठाहून अधिक दावे कोर्टात जवळपास सगळे फसल्यावरही हरलेल्या उमेदवारानं तो मानला नाही, आणि ६ जानेवारी २०२१ ला जमाव संसदेत घुसला.

कधी कधी मात्र दोघंही खरं बोलत असतात. २०२४ च्या प्रचारात माझी भाची सांगायची, महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्के होता, आता अडीचच्या खाली आलाय. भाऊ म्हणायचा, दुकानात येऊन अंडी घेऊन दाखव. दर उतरला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला. वाढलेले भाव होते तिथंच राहिले. दोघांचे आकडे बरोबर होते. त्यांच्यापुढं खरा प्रश्न होता तो याचा, की चार वर्षांत वाढलेल्या खर्चाचा दोष कुणाच्या माथी मारायचा. त्यावर ते हवं तेवढं भांडोत. मी त्यांना एवढंच म्हटलं, एकमेकांना खोटारडे म्हणू नका.

तुमच्यापैकी अनेकांची मुलंबाळं तिकडं मतदार आहेत, आणि तिकडचे निरोप इकडं येऊन दुप्पट वेगानं परत जातात. म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट सांगते. मिशिगननं २०२० नंतर कायदा बदलला. टपाली पाकिटांवरचं काम तिथं आता मतदानाच्या आधीच सुरू करता येतं, आणि २०२४ मध्ये तिथले आकडे लवकर आले. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिननं २०२४ पर्यंत तरी बदलला नव्हता. त्यात २०२४ च्या मतदानाच्या दिवशी मिलवॉकीत यंत्रांची झाकणं नीट बंद नसल्याचं लक्षात आलं, तेव्हा सुमारे ३१ हजार मतं निरीक्षकांसमोर पहिल्यापासून पुन्हा यंत्रात घातली गेली. निकाल आणखी उशिरा आला. अध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२८ च्या नोव्हेंबरात आहे. कायदा तसाच राहिला तर आघाडी पुन्हा पहाटे फिरू शकते, आणि 'मतं ओतली' म्हणणारा आलेख तुमच्या ग्रुपवर येईल. तेव्हा तो पुढं पाठवण्याआधी तिथल्या मुलाला नाहीतर सुनेला एक फोन करा आणि विचारा, तुमच्याकडे टपाली पाकिटं कधी उघडतात?

नमस्कार.